सूचना : क्रूगर अभयारण्य (दक्षिण आफ्रिका)–व्हिक्टोरिया फॉल्स धबधबा (झिंबाब्वे) सहल (ऑगस्ट)

सभासदांनो, नमस्कार.

पहिलं काम पिवळ्या तापाच्या लसीचं. आपलं विमान इथिओपियातल्या अदिस अबाबामार्गे आहे आणि तो देश पिवळ्या तापाच्या धोक्याच्या यादीत आहे, त्यामुळे परतल्यावर मुंबई विमानतळावर या लसीचा दाखला मागतात. नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस फक्त सरकारमान्य केंद्रांतच मिळते आणि दाखला १० दिवसांनी लागू होतो. शेवटच्या आठवड्यावर ढकलू नका. पूर्वी घेतली असेल तर तोच दाखला आयुष्यभर चालतो, फक्त शोधून ठेवा! ज्येष्ठांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. क्रूगरमध्ये मलेरियाही आहे, गोळ्यांचं तेव्हाच विचारा.

पासपोर्टात कोरी पानं तपासा.

तिकडे ऑगस्टात हिवाळा. झाडी विरळ आणि जनावरं पाणवठ्यावर, म्हणून प्राणी छान दिसतात. पण पहाटे उघड्या जीपमध्ये दात वाजतात. कानटोपी, जाड जाकीट घ्याच. लष्करी छापाचे कपडे मात्र नकोत, झिंबाब्वेत ते घालायला बंदी आहे.

व्हिक्टोरिया फॉल्सच्या पुलावरची १११ मीटरची बंजी उडी ऐच्छिक आहे. पाठीचा किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांनी हौस आवरावी. नावं रविवारपर्यंत कळवा.

– सहल समिती