मोटारींच्या मुंबईला एक पाटी तरी लावा

महोदय,

मोटारींचे शहर म्हटले की हल्ली लोक पुणे-चाकणचे नाव घेतात. आम्हा लालबाग-परळच्या जुन्या मिस्त्रींना हे पटत नाही. देशात मोटारी जोडायला सुरुवात झाली ती मुंबईत, आणि त्या जागा जवळपास सगळ्या हार्बर लाइनच्या कडेला आहेत. गेल्या महिन्यात आम्ही चार मित्र मुद्दाम त्या पाहायला निघालो. मी फियाटच्या बोनेटमध्ये डोके घालून हयात काढलेला गॅरेजवाला. दुसरा टॅक्सी चालवायचा, तिसरा बेस्टच्या आगारात मेकॅनिक होता आणि चौथा कुर्ल्याला प्रीमियरच्या मोटार कारखान्यात असेंब्लीवर. संध्याकाळी घरी आलो आणि हे पत्र लिहायला घेतले.

पहिला थांबा डॉकयार्ड रोड. माझगावात स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत महिंद्रांनी विलिज जीप जोडायला घेतल्या. सुटे भाग लाकडी पेट्यांतून बोटीने यायचे, म्हणून कारखाना गोदीजवळ. शिवडीचेही तेच. १९२८ मध्ये जनरल मोटर्सने तिथे मोटारी जोडण्याचा कारखाना काढला, देशातला पहिला. शेव्हरोले तिथे जोडल्या जात. १९५४ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला. आम्ही शिवडी स्टेशनबाहेर चहा घेतला, चार जणांना विचारले. दोघांनी फ्लेमिंगो कुठून दिसतात ते सांगितले, एकाने अटल सेतूचा रस्ता दाखवला. ज्या शिवडीतून देशात जोडलेल्या पहिल्या मोटारी बाहेर पडल्या, तिथून आज गाड्या ताशी शंभरने समुद्रावर निघतात. पण त्या कारखान्याची एकही पाटी आम्हाला दिसली नाही.

कुर्ल्याला मात्र आम्ही रेंगाळलो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. आधी क्रायस्लरच्या डॉज आणि प्लिमथ, मग फियाट. त्या फियाट ११००ला आधी पुढचे दरवाजे उलटे उघडायचे, १९६४ला तिचे डिलाइट मॉडेल आले तेव्हा ते सरळ झाले. १९७४ पासून तीच गाडी पद्मिनी म्हणून निघू लागली. कारखान्याच्या जमिनीवर आता कोहिनूर सिटी आहे. असेंब्लीवाला मित्र टॉवरकडे बोट करून ‘इथे पेंट शॉप, इथे ट्रिम लाइन’ असे सांगू लागला, तर वॉचमनने येऊन विचारले, ‘काका, कुठली विंग?’ आम्ही हसलो खरे. मित्र म्हणाला, ‘मी रोज गाड्या जोडत होतो, आणि माझ्या मेव्हण्याचा नंबर काही लागत नव्हता.’ गाडीसाठी वर्षानुवर्षे वाट पाहायचे दिवस ज्यांनी पाहिलेत, त्यांना यातली गंमत कळेल.

आता थोडे पद्मिनीबद्दल, कारण ती मला माहीत आहे. १०८९ सीसीचे इंजिन, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, मागे कमानपाटे. पुढची सीट सलग, त्यामुळे ड्रायव्हरशेजारी दोघे आरामात बसत आणि तिसऱ्याला ‘जरा सरका’ म्हणत. मे महिन्यात लालबागच्या ट्रॅफिकमध्ये ती हमखास बंद पडायची. इंजिनला पेट्रोल देणारा पंप तापून आत वाफ धरायची. टॅक्सीवाले यासाठी ओले फडके जवळ ठेवत, पंपावर गुंडाळले की पाचेक मिनिटांत गाडी सुरू. हे कुठल्या पुस्तकात नव्हते. टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, मी फीलरच्या पातळ पट्टीने लावायचो, पण पक्के करायचो आवाजावर. कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा आटा इकडे की तिकडे, हे बोटाला कळायचे. आजचा मुलगा लॅपटॉप जोडून दोष शोधतो आणि तो माझ्यापेक्षा लवकर शोधतो, हेही मान्य करतो. मात्र जुनी गाडी समोर आली तर त्याला विचारायला कोणी उरणार नाही.

पद्मिनीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींपैकी शेवटची गाडी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे, म्हणून ऑक्टोबर २०२३ अखेर पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून संपली. त्याच्या दीड महिना आधी, १५ सप्टेंबरला, बेस्टची जुनी डिझेल डबलडेकरही गेली. दोन्ही निर्णयांबद्दल माझी तक्रार नाही. मुंबईच्या खाऱ्या हवेत पत्रा किती कुजतो ते मी जॅक लावून पाहिले आहे. फ्लोअरमधून रस्ता दिसणाऱ्या गाड्यांत माणसे बसत होती. त्या बंद व्हायलाच हव्या होत्या. पण हजारोंतली एक जपायला काय हरकत होती? टॅक्सीमेन्स युनियनने सरकारकडे तेवढेच मागितले होते. व्हिंटेज रॅलीत राजेरजवाड्यांच्या गाड्या चकचकीत होऊन फिरतात, त्यांना पैसेवाले मालक आहेत. काळ्या-पिवळ्या टॅक्सीला कोण आहे?

नंतर हळहळून उपयोग नसतो, हे ट्रामने शिकवायला हवे होते. ७ मे १९०७ला विजेची ट्राम सुरू झाली, ३१ मार्च १९६४ला बंद झाली. काही वर्षांपूर्वी सीएसएमटीसमोर भाटिया बागेत ट्रामचा डबा उभा करायचे ठरले तेव्हा तो कोलकात्याहून आणावा लागला. फ्लोरा फाउंटनच्या दुरुस्तीत जमिनीखाली रूळ सापडले, ते मुंबईचे स्वतःचे.

परतताना आणिक आगारातले बेस्टचे संग्रहालय पाहिले. बेस्टवाला मित्र आमचा गाइड झाला आणि अर्थातच थांबेना. १५ जुलै १९२६ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट पहिली बस धावली, इथपासून त्याची सुरुवात. ट्राम आणि बसची मॉडेल्स आहेत, जुनी तिकीट यंत्रे आहेत. टॅक्सीवाला मित्र इतकी वर्षे या शहरात गाडी चालवून तिथे पहिल्यांदा गेला होता. तुमच्या वाचकांपैकीही बहुतेकांनी ते पाहिले नसेल. अख्ख्या दिवसात हातात धरता येईल असे काही दिसले ते एवढ्याच एका जागी, आणि तेही एका परिवहन उपक्रमाने आपल्या हौसेने जपलेले.

म्हणून माझी महापालिकेला आणि राज्य सरकारला विनंती आहे की नव्या भव्य संग्रहालयाचा आराखडा कृपया काढू नका, तो फायलीतच राहील. शिवडी, माझगाव आणि कुर्ला स्टेशनांबाहेर मराठीत एकेक पाटी लावा, एवढे रेल्वेशी बोलून जमू शकेल. आणि आणिकमध्ये बेस्टच्या परवानगीने एक पद्मिनी टॅक्सी ठेवा. वरचे कॅरिअर आणि बाहेर हाताने पाडायचा लोखंडी मीटर, दोन्ही त्या गाडीवर हवेत. गाडी भंगार बाजारात आजही मिळेल. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा ऑपेरा हाउसच्या स्पेअर पार्टवाल्यांकडे विचारले तर काचा, बिडिंग, हेडलाइट जमवता येतील. दोन-चार वर्षांनी जमणार नाहीत, कारण ते दुकानदारही म्हातारे झालेत.

फक्त ती काचेआड रंग मारून ठेवू नका. महिन्यातून एकदा इंजिन सुरू केले नाही तर कार्बोरेटर चिकटतो, ब्रेकचे रबर कडक होते आणि मग गाडी नुसता पत्रा. शाळेच्या मुलांसमोर बोनेट उघडून ती सुरू करून दाखवा. त्यासाठी लालबाग-परळ भागात अजून काही जुने मिस्त्री आहेत. आम्हाला बोलवा. पान्हे आमचे आम्ही आणू, बॅटरीची सोय तेवढी तुम्ही करा.

– एक निवृत्त मोटार मिस्त्री, लालबाग, मुंबई