राजादा भेटला

केम्निट्झ, १८ जानेवारी २०२६, रविवार

सुऱ्या,

तब्येत बरी आहे, सर्दी होती, गेली. आमच्या घरी बोलू नको, आई लगेच काढा सांगते आणि मग मला ज्येष्ठमध शोधत फिरावं लागतं. ते असो. काल लायपझिगला राजादा भेटला.

हो, आपलाच. म्युनिकला मोठ्या कंपनीत असलेला राजादा.

मी गेलेलो पोहे आणि तूरडाळ आणायला, रविवारी इथे दुकानं कडकडीत बंद म्हणून शनिवारीच सगळी पळापळ, आणि सेमिस्टर तिकिटावर साध्या गाड्या चालतात, तासाभराचा तर रस्ता. स्टेशनबाहेर बघतो तर हा सायकलला टेकून उभा, पाठीवर ती जेवण पोचवणाऱ्या पोरांची चौकोनी बॅग. मला बघून आधी मान फिरवली. मग काय वाटलं कुणास ठाऊक, "काय मंद्या, थंडी काय म्हणते?" करत स्वतःच आला, जसं काय कालच मेसच्या दारात भेटलेलो. कॉफी त्यानेच पाजली, मला खिशात हात घालू दिला नाही. माझी पाण्याची बाटली संपली ती मी कचऱ्यात टाकायला गेलो तर म्हणाला "पंचवीस सेंट परत मिळतात त्याचे, दे इकडे", बॅगेत टाकली आणि हसला. त्याचं ते हसणं तुला माहितीये, म्हणून तर तुलाच लिहितोय.

एका पेपरात तिसऱ्यांदा उडाला. इथे बहुतेक ठिकाणी तीनच चान्स, तिसरा गेला की कोर्सच संपला, आणि तोच विषय घेऊन दुसऱ्या विद्यापीठात जावं तर तिथेही सहसा दार बंद. आपल्यासारखं सातव्या सेमला बसून तिसऱ्या सेमचं मॅथ्स काढणं नाही. (तू इथे असतास तर पहिल्याच वर्षी परत चाकणला. चिडू नको.) आता व्हिसा टिकवायला कुठल्याशा खासगी कॉलेजात नाव घातलंय, त्याची फी काढायला सायकल, आणि सायकल तरी किती मारणार, स्टुडंट व्हिसावर वर्षाला १४० दिवस काम, अर्धे धरले तर २८०. म्युनिकचे ते ऑफिससमोरचे फोटो? फिरायला गेलेला तेव्हाचे. मी विचारलं नव्हतं, त्यानेच सांगितलं.

तू म्हणशील, मी तेव्हाच बोललेलो हा माणूस खोटारडा आहे. गप बस. तू मेसच्या हिशोबावरून बोललेलास आणि त्याचा हिशोब बरोबर होता, मी आजही तेच म्हणतो, गॅसचे पैसे तू दोनदा धरलेलेस. या माणसाने मला डेंग्यूत रात्री दोन वाजता गाडीवर बसवून सांगलीला नेलेलं, तू तेव्हा घोरत होतास.

पण मेन गोष्ट तुमच्या ओंक्याची, त्याला इथे शिकायला यायचंय ती. त्याला सगळी माहिती राजादाच देतोय ना? "डोळे झाकून ये, पार्टटाइम आल्या आल्या, जर्मन लागत नाही." अरे मला बेकरीतल्या बाईने माझं जर्मन ऐकून दोन मिनिटांत वाटेला लावलं, आता पहाटे चारला उठून गोडाऊनला जातो, तिथे बोलायला लागत नाही. आणि काका प्लॉट विकायला निघालेत, ब्लॉक्ड अकाउंटला, म्हणजे व्हिसासाठी बँकेत अडकवून ठेवायचे, ११,९०४ युरो दाखवायचे म्हणजे बारा लाखाच्या वर गेलं. ते पैसे महिन्याला ९९२ असे आपल्यालाच परत मिळतात हे खरं, पण खायलाच ना, ते वर्षात संपतात. पुढचं वर्ष कशावर काढणार?

बरं, सरळ सांगावं तर राजादाने शपथ घातलीये, तासगावात कळता कामा नये. अप्पांनी द्राक्षबागेवर कर्ज काढून पाठवलंय त्याला, आणि अजून सगळ्यांना पेढे वाटल्यासारखे त्याचे फोटो दाखवत फिरतात. काल रात्री आमच्या बाबांनी फोनवर विचारलं, लायपझिगला आपलं कोणी भेटलं का. कोण भेटणार, म्हटलं मी. आणि वर त्यांनी ऐकवलं, राजा बघ कसा स्थिरावला.

मला त्याचा राग येत नाही रे. ओंक्याला तो अजून सल्ले का देतो त्याचा येतो. कदाचित नाही म्हटलं तर लोक विचारतील का, म्हणून देत असेल.

माझं चाललंय. फेब्रुवारीत पेपर आहेत. रोज कार्ल मार्क्सच्या पुतळ्यावरून जातो, नुसतं डोकं आहे, सात मीटर उंच, तुझं तेवढं असतं तर गेटची परीक्षा निघाली असती. चाकणला पर्मनंट केलं का? काकूंचा गुडघा कसा आहे? फलटणची मुलगी बघून आलास म्हणे, फोटो पाठव.

तर माझ्या डोक्यात असं आहे की ओंक्याला मला फोन करायला लाव, मी त्याला तीन चान्सचं, जर्मनचं, गोडाऊनचं सगळं खरं सांगतो, नाव कुणाचं घेत नाही. येऊच नको असं मी म्हणत नाही, जर्मनची बी-वन लेव्हल करून ये म्हणतो. पण तो म्हणणार, राजादा तर वेगळंच सांगतो. मग मी काय बोलू? त्याला "राजादा, डिग्री दाखव" वगैरे म्हणायला लावू नकोस, तुला ते सुचणार मला माहितीये.

बुधवारी कॉल कर, तुझे रात्रीचे साडेनऊ म्हणजे माझे पाच. गच्चीवर जाऊन कर, ओंक्या दाराला कान लावतो.

मंद्या