जायकवाडीचा टक्का रोज छापता, खालच्या गंगेचं काय?

संपादक साहेब, नमस्कार.

तुमचा पेपर आमच्या घरी वडिलांच्या काळापासून येतो. जून लागला की घरात सगळे आधी एकच चौकट बघतात, जायकवाडी किती टक्के. आई तर भाकरी थापता थापता विचारते, आज किती झालं रे. चांगलीच गोष्ट आहे, बंद करू नका. पण धरण पैठणला, म्हणून ती चौकटही पैठणलाच सुरू होते अन् पैठणलाच संपते, अन् गंगा काही तिथं संपत नाही ना साहेब. (आम्ही थडीवाले, म्हणजे नदीकाठचे लोक, तिला गोदावरी म्हणत नाही, गोदावरी शाळेच्या पुस्तकात. आमची गंगाच.) ती पुढं बीड, जालना, परभणी, नांदेडातून जाते, धर्माबादच्या पुढं तेलंगणात शिरते. 1465 किलोमीटरची नदी, त्यातलं तुम्ही रोज एक भिंत छापता.

बरं त्या टक्क्याचं पण एकदा नीट समजावून सांगा लोकांना. धरणात एकूण पाणी मावतं साधारण 102 टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), पण टक्का काढतात तो वरच्या 76 टीएमसीवर, खालचं 26 टीएमसी मृतसाठा म्हणून धरतच नाहीत. त्यामुळं पेपरात शून्य टक्के आलं की लोकांना वाटतं नाथसागर, म्हणजे जायकवाडीचा जलाशय, कोरडाठाक पडला, अन् तिकडं संभाजीनगरच्या नळाला त्याच मृतसाठ्यातून पाणी चालू असतं. 2016 च्या उन्हाळ्यात असंच झालं होतं, तेच साल ज्या साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. अन् क्युसेकचं तर विचारूच नका. अमुक हजार क्युसेक विसर्ग असं छापून येतं, ते वाचून आमच्यातल्या निम्म्या लोकांना काही उमगत नाही. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला अठ्ठावीस लिटर, अन् साडेअकरा हजार क्युसेक दिवस-रात्र चाललं की एक टीएमसी गेलं, एवढं एका ओळीत दिलं तरी माणसाला अंदाज येतो.

आता मुद्द्यावर येतो. आमच्या भागात येणारं पाणी फक्त पैठणचं नसतं. गंगा निघते त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर, अरबी समुद्र तिथून जवळ, म्हणून घाटावर धो धो पाऊस, अन् आम्ही पर्जन्यछायेत, त्यामुळं लोकांच्या डोक्यात बसलंय की नाशिकला पडला तरच आमची नदी येते. पण मंजरथला सिंदफणा मिळते, ती बीडचं पाणी घेऊन येते, तिच्यावर माजलगाव धरण आहे, ते भरलं की त्याचीही दारं उघडतात. पुढं गंगाखेडच्या खाली कंठेश्वरला पूर्णा मिळते, तिच्यावर येलदरी अन् सिद्धेश्वर, शिवाय तिच्यात दुधना आधीच मिसळलेली. म्हणजे पैठणचं एकही दार उघडलेलं नसताना नांदेडला विष्णुपुरी धरणाची दारं उघडावी लागतात, असं कित्येकदा झालंय. अन् पैठणपासून धर्माबादजवळच्या बाभळी बंधाऱ्यापर्यंत नदीत बंधारेच बंधारे, आपेगाव, हिरडपुरी, जोगलादेवी, लोणी सावंगी, ढालेगाव, तारुगव्हाण, मुदगल, दिग्रस, आमदुरा, सगळे काही सांगत बसत नाही. नदी कसली, एकामागं एक तळीच झालीत म्हणा. एकाचं दार उघडलं की खालचा भरणार, त्याचं उघडलं की त्याच्या खालचा. अन् बाभळीचं तर सुप्रीम कोर्टानं 2013 ला ठरवून दिलंय, 1 जुलै ते 28 ऑक्टोबर दारं उघडीच ठेवायची, त्यामुळं धर्माबादकडच्या लोकांना पावसाळाभर पाणी समोरून जाताना नुसतं बघायचं असतं.

या खालच्या बंधाऱ्यांचे आकडे तुमच्या पेपरात कुठंच नसतात. आमचं नुकसान होतं ते इथंच.

माझीच गोष्ट सांगतो. गंगेच्या काठाला माझी साडेसात एचपीची मोटार, उसाला अन् थोड्या हळदीला. मोठा पूर यायचा असला की कुणाची मोटार जात नाही बघा, टीव्हीवर दोन दिवस आधीपासून बोंब असते, सगळे मोटारी, पाइप, केबल काढून वर आणून ठेवतात. 2025 च्या सप्टेंबरात पैठणहून लाखांत क्युसेक सुटलं तेव्हा आमच्या गावात एकाचीही मोटार गेली नाही, पिकं गेली ते वेगळं. मोटारी जातात त्या लहान पुराला. असाच एक लहान पूर, आमच्या इकडं आभाळ कोरडं, रात्री अकराला ग्रुपवर मेसेज आला की वरच्या बंधाऱ्याची दारं उघडणार, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावं. त्याला ना तारीख, ना वेळ, ना किती दारं. खाली लगेच एकानं लिहिलं, हा मागच्या वर्षीचाच फिरतोय. मी पण तेच समजून झोपलो. पहाटे चारला भाऊ ओरडत आला तोवर मोटारीच्या जागी नुसतं पाणी, स्टार्टरची पेटी तेवढी बाभळीच्या झाडाला लटकलेली. मोटार पाचव्या दिवशी सापडली, दोनेकशे फूट खाली जलपर्णीच्या गठ्ठ्यात गुंडाळलेली, आतून चिखल वाहत होता. वाइंडिंग करून आणली पण पहिल्यासारखा आवाज नाही तिचा.

त्या रात्री आमच्या चुलत्याची मोटार वाचली. त्यांच्याकडं मोबाइल आहे पण साधा, ग्रुप नाही. त्यांची जुनी सवय, अंधार पडायच्या आत पाण्याच्या अगदी कडेला तुराटी रोवायची अन् झोपायच्या आधी बॅटरी घेऊन बघून यायचं. तुराटी पाण्यात गेलेली दिसली की मोटार वर. त्या दिवशी अकराच्या सुमारास त्यांनी ओढून घेतली, आम्हाला उठवलं का नाही विचारलं तर म्हणाले, तुमच्याकडं मोबाइल होते की.

चुलते म्हणतात ते खरंय, आधी नदी हळूहळू यायची. फेस यायचा, काड्या यायच्या, पाण्याचा रंग आधी मातकट मग लाल व्हायचा, तोवर माणूस सावरायचा. आता दाराचं पाणी, एकदम येतं. उन्हाळ्यात पण आधी पात्रात वाळूवर टरबुजाच्या वाड्या असायच्या, बायका झिरा खोदून वाटीनं पाणी भरायच्या, तळ दिसेल इतकं स्वच्छ. आता वाळूच राहिली नाही. रात्री वाळूचे हायवा ट्रक चालतात ते सगळ्यांना माहितीये, त्यावर लिहायचं तर वेगळं पत्र लागेल. एवढंच सांगतो की जिथं वाळू उपसली तिथं खाली डोह झालेत अन् वरून कळत नाही. गंगाखेडला दहाव्याला लांबलांबून लोक येतात, नवखे असतात, जनाबाईचं गाव म्हणून पाय धुवायला म्हणून उतरतात, खाली काय आहे त्यांना कोण सांगणार.

बंधाऱ्यांना नावं ठेवायला मी बसलो नाही. त्यांच्यामुळंच आमच्याकडं मार्चपर्यंत मोटार चालते, भोयांच्या पोरांना मासे आहेत, विहिरींना पाझर आहे. उसाची हाव आमचीच आहे हे पण कबूल.

मागणी साधी आहे. जायकवाडीच्या चौकटीखाली अजून चार ओळी वाढवा. माजलगाव, येलदरी, विष्णुपुरी अन् ढालेगावपासून खालचे बंधारे, कुणाची किती दारं, किती वाजता उघडली, किती क्युसेक, अन् तारीख ठळक. पेपर सकाळी येतो, पाणी रात्री येतं, हे समजतं मला, पण आदल्या दिवशीचा आकडा जरी असला तरी खरा मेसेज कोणता अन् मागच्या वर्षीचा कोणता हे ताडून बघता येईल. तुमच्या तालुका प्रतिनिधीला जमत नसेल तर आमच्या गावच्या पुलाच्या खांबावर रंगवलेली पट्टी आहे, तिचा रोजचा फोटो मी पाठवत जाईन, पैसे नकोत.

चुलत्यांना हे पत्र वाचून दाखवलं. म्हणाले, छापून येईपर्यंत तू पण तुराटी लावत जा.

आपला,
गंगथडीतला एक शेतकरी वाचक,
जि. परभणी