सापडलेल्या तलवारीला लगेच ‘शिवकालीन’ म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घराचा पाया खोदताना सापडलेल्या तलवारीची बातमी आपल्या अंकात वाचली. मथळा ‘शिवकालीन तलवार सापडली’ असा होता. फोटोत पातं सरळ दिसतं, मूठ मराठा घाटाची वाटते. पण एवढ्यावरून तलवारीचं कूळ ठरत नाही. मी पिढीजात लोहार आहे, म्हणून लिहितो.

जुन्या तलवारींत मूठ एका मुलखाची आणि पातं दुसऱ्याच मुलखाचं, असं सर्रास आढळतं. सतराव्या शतकात जर्मनीतल्या सोलिंगेनसारख्या ठिकाणची पाती जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरत आणि इथले कारागीर त्यांना आपली मूठ बसवत. तीच फिरंग. १८७५-७६ साली प्रिन्स ऑफ वेल्सला, म्हणजे ब्रिटिश युवराजाला, कोल्हापूरकडून भेट गेलेल्या तलवारीचं पातंही युरोपीय आहे, त्यावर ‘आय एच एस’ ही ख्रिस्ती अक्षरं कोरलेली आहेत. म्हणून ती आपली नव्हे, असं कोण म्हणेल?

तेव्हा आधी मुठीजवळ बघावं. पातं मुठीच्या पोकळीत लाख ओतून पक्कं करतात, ती आपल्याकडची रीत. फिरंगेचं पातं लवतं, म्हणून त्याच्या बुडाशी दोन्ही अंगांनी पट्ट्या लावून रिव्हेट मारलेले पुष्कळदा आढळतात. मग पातं घडवणाऱ्याचा छाप शोधावा. धावता लांडगा हा जर्मनीतल्याच पासाउ आणि सोलिंगेनचा, पण नावाजलेला छाप म्हणून इतरांनीही तो मारला, त्यामुळे एकट्या छापावर भिस्त ठेवू नये. पात्यावर जौहर, म्हणजे पोलादातच उमटलेली लाटांसारखी नक्षी, दिसला तर ते मुशीतलं पोलाद. मग शोध तेलंगण, कर्नाटक नाहीतर इराणकडे वळतो.

छाप आणि जौहर दिसतात ते पात्याच्या वरच्या कातडीवर. दसरा जवळ आला की कराडात माझ्याकडे लोक घरच्या तलवारी बफ मारायला आणतात. मी मारत नाही. चकाकीपायी छाप झिजून जातो आणि जौहर दिसेनासा होतो, आणि गेलेला छाप कुठलाही तज्ज्ञ परत आणू शकत नाही. कोरड्या फडक्याने पुसून तेलाचा हात फिरवा, पूजेला तेवढं पुरे.

सापडलेली तलवार अजून कुणी विटकरीने घासली नसेल अशी आशा आहे. जमिनीत सापडलेल्या अशा वस्तूची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, तसा १८७८ चा कायदा आहे. आपण मुठीच्या बुडाचा जवळून घेतलेला फोटो, दोन्ही बाजूंनी, छापावा ही विनंती. पट्ट्या आहेत की नाहीत, ते त्यात दिसेल.

आपला,
एक लोहार, कराड (जि. सातारा)