किनाऱ्यावरील प्लास्टिकचा न मांडलेला हिशेब

माननीय संपादक महोदय,

पावसाळ्यात मोठ्या भरतीनंतर जुहू, वर्सोवा आणि दादरच्या किनाऱ्यांवर समुद्राने परत फेकलेल्या प्लास्टिकची छायाचित्रे दरवर्षी छापून येतात. मात्र त्यातून होणाऱ्या आर्थिक नुकसानीची चर्चा क्वचितच होते. सफाईचा खर्च निदान महापालिकेच्या अंदाजपत्रकात तरी दिसतो. परंतु गुटख्याच्या पुड्या, दुधाच्या पिशव्या आणि तुटक्या चपलांनी भरलेली वाळू पाहून जे कुटुंब माघारी फिरते, त्याचे वाया गेलेले रिक्षाभाडे आणि भेळवाल्याचा, शहाळेवाल्याचा बुडालेला धंदा कुठल्याच वहीत चढत नाही. ऐपत असलेले अलिबाग गाठतात. ज्यांना चौपाटी हीच फुकटची करमणूक, त्यांनी कुठे जावे?

कॅलिफोर्नियातील ऑरेंज काउंटीसंबंधी २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, किनाऱ्यांवरील कचरा एक चतुर्थांशाने घटला, तर उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत रहिवाशांचा सुमारे ३.२ कोटी डॉलरचा लाभ होईल, कारण स्वच्छ किनाऱ्यासाठी दूर जाण्याचा त्यांचा खर्च वाचेल. ते आकडे मुंबईला जसेच्या तसे लागू पडणार नाहीत, पण पद्धत नक्कीच घेता येईल.

राज्यात २०१८ पासून प्लास्टिकबंदी आहे. तिचा दंड भाजीवाल्याकडून वसूल करणे सोपे. मिठी आणि ओशिवरा नदीतून समुद्रात जाणारा कचरा अडवणे खर्चाचे. म्हणूनच पर्यटन विभाग आणि महापालिकेने मिळून मुंबईच्या किनाऱ्यांच्या नुकसानीचा अभ्यास करवून घ्यावा आणि तो आकडा नाल्यांच्या मुखाशी जाळ्या बसवण्याच्या खर्चाशेजारी मांडावा, ही विनंती.

– एक वाचक, अंधेरी (पश्चिम), मुंबई