ऑलिंपियापासून पुढे बघा

ती. आईबाबांना,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "चांगल्या गाण्याचं नाचापायी वाटोळं केलंय," आणि मी बघायला सांगितलेला 'द टेल्स ऑफ हॉफमन' हा सिनेमा अर्ध्यातच बंद केलात. मला ते लागून राहिलंय. फोनवर धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

संगीतकार ऑफेनबाखचा मूळ ऑपेरा १८८१ मध्ये पॅरिसला रंगमंचावर आला. हॉफमन हा कवी गुत्त्यात बसून ऑलिंपिया, जुलिएटा आणि अँटोनिया या आपल्या तीन फसलेल्या प्रेमांच्या गोष्टी सांगतो. ऑफेनबाख आदल्या वर्षीच वारला होता, काम अपुरं टाकून. पॉवेल आणि प्रेसबर्गर या दिग्दर्शक जोडीचा सिनेमा १९५१ चा. त्यांनी वाद्यवृंद संचालक टॉमस बीचम यांच्याकडून सगळं संगीत आधी रेकॉर्ड करून घेतलं आणि मग ते वाजवत शूटिंग केलं. सेटवर आवाज टिपायचाच नव्हता, त्यामुळे कॅमेरा हवा तिथे फिरू शकला आणि गाणाऱ्यांच्या जागी नाचणारे उभे करता आले. पडद्यावर एक आणि गळा दुसऱ्याचा, हे तर आपल्या सिनेमात तुम्ही लहानपणापासून बघत आलात. तुमचा जीव संगीत नाटकात, जिथे नट स्वतः गातो, म्हणून खटकत असेल, हे मला कळतं.

पण ऑलिंपिया बघा. ती चावीची बाहुली. रंगमंचावर तिचं गाणं म्हणजे गळ्याची फिरत, आपण तीच ऐकत बसतो. इथे आवाज डोरोथी बाँडचा आणि अंग नर्तकी मोइरा शिअररचं. चावी उतरत आली की सूर घसरतो आणि त्याच क्षणी शिअररची मान, खांदे, कंबर सगळं ढिलं पडतं. पुन्हा चावी दिली की ताठ! शेवटी बाहुली मोडून टाकतात तेव्हा मुंडकं वेगळं पडलेलं, मानेतून स्प्रिंग बाहेर आलेली आणि पापण्या अजून मिटताहेत, उघडताहेत. माझ्या अंगावर काटा आला. नुसत्या गाण्यानं हे कसं दिसलं असतं, बाबा?

हॉफमनचं सध्या जिच्यावर प्रेम आहे ती स्टेला मूळ ऑपेरात गायिका आहे, सिनेमात तिला नर्तकी केलंय. तुमचा राग इथूनच सुरू झाला ना? मला मात्र ते पटतं, कारण स्टेला आणि ऑलिंपिया दोघी शिअररच करते. हॉफमन बाहुलीवर का भाळतो ते न सांगता कळतं.

आणि नाच कुठे आवरायचा हेही या लोकांना कळत होतं. अँटोनियाला गाण्याची बंदी असते. गायली तर जीव जाणार. तिथे गाणं हीच गोष्ट, म्हणून त्यांनी गायिकाच घेतली. ॲन आयर्सनं स्वतः गायलंय. हॉफमन झालेला रॉबर्ट राउन्सव्हिलही स्वतःच गातो. बाकी सगळ्यांचे गळे उसने.

आई, तू रंगांकडे बघ. सेट आणि वेशभूषा करणाऱ्या हाइन हेकरोथनं ऑलिंपियाला पिवळा, व्हेनिसच्या जुलिएटाला लाल, अँटोनियाला निळा असा एकेक रंग दिलाय. चारही खलनायक एकटा रॉबर्ट हेल्पमन करतो. व्हेनिसमध्ये तो मेणबत्तीच्या ओघळलेल्या मेणाची रत्नं करतो, ते चुकवू नकोस.

दादाला सांगून टीव्हीला जोडून घ्या, मोबाईलवर बघू नका. सुरुवातीचा गुत्त्यातला भाग सोडलात तरी चालेल. झालं की फोन करा, आणि बाबा, भांडायचंच असेल तर अँटोनियावरून भांडा. तिच्या गाण्याबद्दल मला तुमचं मत खरंच हवंय.

तुमची,
मनू