उरलेलं सांगायचं राहिलं

चि. निनाद,
अनेक आशीर्वाद.

परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, पिट्सबर्गला काय काय पाहिलंत? मी व्यंकटेश्वराचं देऊळ सांगितलं, नद्यांचा संगम सांगितला. त्या बाहुल्यांच्या घराचं नाव काढलं नाही. त्या संग्रहालयाचं नाव 'मॅट्रेस फॅक्टरी' म्हणालास तेव्हा मला वाटलं, पोरगा गादी घ्यायला नेतोय!

तिथून आल्यापासून त्या बाहुल्या करणारी कलावंत, ग्रीअर लँक्टन, डोक्यातून जात नाही. पाळकाच्या घरात मुलगा म्हणून जन्मलेली, २१व्या वर्षी शस्त्रक्रिया करून घेतलेली. तिचं शिकागोतलं राहतं घरच जणू तिथे उभं केलंय. पलंगावर ती हाडकुळी बाहुली, भोवती औषधांच्या बाटल्या. तू भिंतीवरची माहिती वाचत होतास, मी शिवण बघत होते. चाळीस वर्षं ब्लाउज शिवतेय, सवयच ती. आत तारेचा सांगाडा, वर ताणून बसवलेलं कापड, काचेचे डोळे. गळ्याशी कापड असं बसवायला हात लागतो रे. आणि तू सांगितलंस ना, झालेली बाहुली ती पुन्हा उसवायची, कधी बारीक करायची, कधी बाईचा पुरुष नि पुरुषाची बाई, ते मला फार लागलं. गिऱ्हाइकाचं माप बदललं की आपण कपडा उसवतो. ही अंगच उसवत होती.

१९९६च्या ऑक्टोबरात ते घर लोकांसमोर आलं आणि नोव्हेंबरात ती गेली. वय अवघं ३८. पुढे, २००९ साली, तिच्या आईवडिलांनी ते सगळं संग्रहालयाला देऊन टाकलं, कायमचं मांडून ठेवायला. औषधांच्या बाटल्यांसकट. मी त्यातल्या निम्म्या तरी आधी लपवल्या असत्या.

लपवायची सवय मला आहेच. तू सहा वर्षांचा असताना चिंध्यांची ठकी मागितलीस. मी करूनही दिली, हौसेने. मग गणपतीला पुण्याची मंडळी येणार म्हणून ती काढून घेतली आणि उंदरांनी नेली म्हणून सांगितलं. तू दोन दिवस माळ्याखाली पोळीचा तुकडा ठेवत होतास, उंदरांनी ती परत द्यावी म्हणून.

उंदीर नव्हते. ती माझ्या ट्रंकेत होती, पैठणीखाली. काल काढली. मान उसवलीय, तिला मी घालते टाके. एक डोळा पडलाय. डब्यात काळी बटणं आहेत, पण उरलेला डोळा हिरवा आहे. दोन्ही सारखे हवेत का तुला? फोनवर बाबांपुढेच सांगितलंस तरी चालेल.

तुझी,
आई